रुमाल, बादली आणि वाळवण

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराची कागदपत्रे रुमालांत बांधून ठेवलेली आहेत, हे मराठीच्या विद्यार्थ्याने निदान ऐकलेले तरी असते. रुमाल म्हणजे कापडाचा चौकोन. त्यात कागदांची चळत ठेवायची, चारी टोके ओढून गाठ मारायची आणि आत काय आहे त्याची नोंद वेगळी ठेवायची. गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत या दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड संपादित केले. हे काम अवाढव्य खरेच, पण तीही निवडच. दफ्तराचा फार मोठा भाग गाठींतच राहिला. म्हणजे एकाच दफ्तराच्या दोन अवस्था झाल्या. छापून आलेला, ग्रंथालयाच्या कपाटातून उचलून वाचता येणारा एक भाग आणि मागणीपत्र भरून, मोडी वाचणारा माणूस गाठून, गाठ सोडवून मगच भेटणारा दुसरा. दुसरा भाग हरवलेला नसतो, आणि हाताशीही नसतो. तो झोपलेला असतो, असे म्हणता येईल.

या झोपेविषयी मी गेली दीड-दोन वर्षे बराच विचार केला, कारण आमच्या मराठी विभागावर तसाच निवाडा करण्याची वेळ आली होती. कोणती सामग्री जागी ठेवायची, कोणती झोपवायची आणि कोणती किती गाढ झोपवायची? हा प्रश्न आला तो तांत्रिक वेष घालून. महाविद्यालयातल्या सर्व्हरवरच्या बॅकअपची एक प्रत क्लाउडवर, तापमानाच्या उतरत्या थरांत ठेवायची, असा तो वेष होता. शब्द परके आहेत, पण वाचकांनी दचकू नये. आत शिरल्यावर मला तरी तेथे आपलीच माणसे भेटत गेली.

आमचे महाविद्यालय कृष्णाकाठचे. विभागाच्या संग्रहात हस्तलिखितांची छायाचित्रे आहेत, बंद पडलेल्या काही नियतकालिकांचे अंक आहेत आणि ध्वनिमुद्रणे आहेत. ही ध्वनिमुद्रणे विभागातून निवृत्त झालेल्या एका सरांनी १९९० नंतरच्या दशकात आसपासच्या गावांतून केलेली. जात्यावरच्या ओव्या, भोंडल्याची गाणी, आणि मध्ये मध्ये बायकांच्या गप्पा. गी पोआतवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्यापासून सुरू करून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या कामाचा आदर्श सरांपुढे होता. सरांचा आवाका अर्थात लहान, एका माणसाच्या सायकलीचा. ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगली-कोल्हापूर भागातल्या कित्येक घरांत आणि ग्रंथालयांत पाणी शिरले, तसे सरांच्या घरातही शिरले आणि कॅसेटींची ट्रंक चिखलात गेली. सुदैवाने त्याआधी या कॅसेटींवरून संगणकीय प्रती करून झाल्या होत्या आणि त्या महाविद्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर होत्या. कॅसेटी गेल्या, आवाज राहिले. मात्र त्या दिवसापासून ते आवाज एका इमारतीतल्या एका खोलीत होते, आणि ज्या बायकांचे ते आवाज त्यांतल्या बऱ्याचजणी आता हयात नाहीत. पुन्हा मुद्रण करू, असे म्हणायची सोय उरली नव्हती.

जतनशास्त्रात तीन-दोन-एक असा एक सोपा दंडक आहे. प्रती तीन असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक तरी दुसऱ्या गावी असावी. दुसऱ्या गावाचे कारण कृष्णाकाठच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. बाहेरगावची प्रत कोणाच्या तरी घरी ठेवण्यापेक्षा क्लाउडवर ठेवावी, असे आमच्या संगणकशास्त्राच्या सरांनी सुचवले आणि ऑब्जेक्ट स्टोरेज हा शब्द माझ्या आयुष्यात आला.

आपल्या संगणकावर फायली कप्प्यांत कप्पे करून ठेवलेल्या असतात. ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये कप्पे नसतातच. तेथे एक मोठे सपाट भांडार असते. त्याला बकेट म्हणतात. आमचे शिपाईमामा पहिल्या दिवसापासून त्याला बादली म्हणतात, आणि पुढे विभागात तेच नाव रूढ झाले. बादलीत टाकलेल्या प्रत्येक वस्तूला एक पूर्ण नाव असते आणि तिच्याविषयीची थोडी माहिती तिच्या अंगावरच लिहिलेली असते. नावात तिरप्या रेघा घालून कप्प्यांचा भास निर्माण करता येतो, इतकेच. वस्तू मधून उघडून तिच्यातली एक ओळ बदलता येत नाही. बदलायचे तर सबंध वस्तू नव्याने ठेवावी लागते. ॲमेझॉनने एस-थ्री या नावाने ही सेवा मार्च २००६ मध्ये सुरू केली. आज मायक्रोसॉफ्ट, गूगल आणि इतरही अनेकजण ती देतात. आणि हे मेघ वाटतात तितके दूर नसतात. मुंबईत या तिन्ही कंपन्यांची केंद्रे आहेत, मायक्रोसॉफ्टचे एक केंद्र तर पुण्यात आहे. पण पुणेही आमच्यासारखेच पावसाचे आणि पुराचे गाव. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा लोंढा पुणेकर विसरलेले नाहीत. म्हणून अशी केंद्रे एका परिसरात एकाहून अधिक इमारतींत पसरवलेली असतात, आणि आपल्या वस्तूच्या प्रती त्यांतल्या कितींत ठेवायच्या, हे घेतलेल्या सेवेवर ठरते.

आता थर. रोज लागणारी वस्तू गरम थरात, क्वचित लागणारी कोमट थरात, बहुधा कधीच न लागणारी गारठलेल्या थरात. जितका थर गार तितके भाडे कमी आणि वस्तू परत मिळायला लागणारा वेळ, पैसा जास्त. ऑगस्ट २०१२ मध्ये ॲमेझॉनने यातल्या गार थराला ग्लेशियर, म्हणजे हिमनदी, असे नाव दिले. २०१९ मध्ये त्याखाली आणखी एक तळघर आले. या तळघरातली वस्तू मागितली की सामान्यतः बारा तासांत मिळते, स्वस्तातली मागणी केली तर अठ्ठेचाळीस तासांत. तेथे ठेवलेली वस्तू १८० दिवसांच्या आत काढून टाकली तरी उरलेल्या दिवसांचे भाडे द्यावेच लागते. मायक्रोसॉफ्टच्या तशाच थरातून वस्तू वर आणायला पंधरा तासांपर्यंत लागू शकतात, आणि त्या क्रियेला ते लोक पुनर्जलीकरण अशा अर्थाचा शब्द वापरतात. मला तो वाचताच घरचे वाळवण आठवले. कुरडई किंवा सांडगा म्हणजे अन्नच, पण भुकेल्या माणसाच्या ताटात तो तसाच वाढता येत नाही. त्याला पाणी किंवा कढत तेल दाखवावे लागते, वेळ द्यावा लागतो. त्या बदल्यात तो वर्षभर टिकतो.

वाळवणाचे अर्थशास्त्र मात्र ताळेबंद मांडून पाहण्यासारखे आहे. आमचा संग्रह सुमारे दोन टेराबाईटांचा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या केंद्राचा जाहीर दर घेतला, तर हा संग्रह गरम थरात ठेवायला महिन्याला सुमारे ४६ डॉलर लागतात आणि सगळ्यात खालच्या थरात जेमतेम दोन. तेवीसपट फरक. प्राचार्यांपुढे हा आकडा ठेवला की निर्णय झाल्यातच जमा असतो. पण त्याच दरपत्रकात खाली दुसरे आकडे आहेत. तो सगळा संग्रह एकदा तळघरातून वर आणून घरी उतरवून घ्यायचा, तर दोनशे डॉलरांच्या आसपास खर्च येतो. आठ-नऊ वर्षांचे भाडे एका मागणीत. म्हणजे ही व्यवस्था ठेवणाऱ्याला स्वस्त आणि आठवणाऱ्याला महाग आहे. विसरण्यावर सवलत आहे, असे म्हटले तरी चालेल.

आणखी एक बारकावा कळला आणि तेथे मला रुमाल भेटला. गारठलेल्या थरांत प्रत्येक वस्तूमागे थोडी नोंदीची जागा जास्तीची मोजली जाते आणि प्रत्येक वस्तू आत घालण्याचा, बाहेर काढण्याचा आकारही वेगळा पडतो. आमच्याकडे हस्तलिखितांच्या एकेका पानाची एकेक फाईल, हजारोंनी. ती सुटी ठेवली तर सामानापेक्षा हमाली जास्त. यावरचा उपाय असा, की एका पोथीची सगळी पाने एकत्र बांधून त्यांची एकच फाईल करायची, आत काय आहे त्याची यादी करायची आणि ती यादी वेगळी, गरम थरात ठेवायची. संगणकाच्या सरांनी या बांधलेल्या फाईलचे तांत्रिक नाव सांगितले. मी म्हटले, “सर, आपण याला रुमालच म्हणू.” ते मूळचे गणिताचे. पेशवे दफ्तराची हकीकत ऐकल्यावर म्हणाले, “म्हणजे हा प्रश्न तुमच्या लोकांनी आधीच सोडवला होता.” सोडवला होता हे खरे. गाठ किती मोठी मारायची, हा प्रश्न मात्र त्यांनाही होता आणि आम्हालाही. रुमाल फार मोठा केला तर एका पानासाठी सगळी गाठ सोडवावी लागते.

मतभेद झाला तो पुढच्या टप्प्यावर, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा तोच आहे. कोणती वस्तू कोणत्या थरात हे दरवेळी माणसाने ठरवायचे नसते. नियम लिहून ठेवायचा असतो. अमुक दिवस झाले की वस्तू आपोआप खाली सरकते. काही व्यवस्थांत वस्तूला शेवटचा हात कधी लागला हे पाहूनही सरकवता येते. समितीतल्या बहुतेकांचे मत असे पडले, की वापराच्या नोंदी पाहाव्या आणि वर्षभरात न उघडलेले सगळे तळघरात टाकावे. नोंदी काढल्या. अभ्यासक्रमाला लावलेल्या कवींची हस्ताक्षरे शेकडो वेळा उघडलेली. सरांच्या ध्वनिमुद्रणांतली बहुसंख्य सहा वर्षांत एकदाही नाही. “कोण ऐकतंय हे?” असे एक सहकारी अगदी निर्मळपणे म्हणाले. प्रश्न योग्यच होता. कोणी ऐकत नव्हते.

पण वापराचा आकडा हा वस्तूच्या योग्यतेचा आकडा नव्हे, हे साहित्याच्या माणसाला तरी ठाऊक असायला हवे. बहिणाबाई चौधरी १९५१च्या डिसेंबरात वारल्या, तेव्हा त्यांच्या गाण्यांचा ‘वापर’ किती होता? घरच्या माणसांनी उतरवून ठेवलेली एक वही. सोपानदेवांनी ती अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. नियम त्या वहीपाशी असता, तर त्याने तिला कधीच तळघरात सरकवले असते. उलटही खरे आहे. अभ्यासक्रमात लागलेली रचना उघडली जाते ती परीक्षेसाठी. उघडली जाते म्हणून ती महत्त्वाची ठरते आणि महत्त्वाची ठरते म्हणून पुन्हा अभ्यासक्रमात लागते. आपण ज्याला साहित्याची परंपरा म्हणतो, तिच्यातला बराच भाग अशा स्वयंचलित नियमाने तापलेला राहिलेला असतो, अशी शंका मला तेव्हापासून येते. फरक इतकाच, की संगणकाचा नियम निदान लिहिलेला असतो. वाचून त्यावर वाद घालता येतो. आपले नियम कुठे लिहिलेले नसतात.

समितीत हे सगळे बोलून फारसे काही झाले नसते. झाले ते दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीमुळे. वर्गात ओवीविषयी बोलताना मी सरांच्या संग्रहाचा आणि त्यातल्या गावांचा उल्लेख केला. तास संपल्यावर ती थांबली. “मॅडम, आमच्या गावातल्या बायका आहेत त्यात? माझी पणजी गायची म्हणतात.” यादी उघडली. सरांनी प्रत्येक कॅसेटीच्या पाठीवर गाव, नाव आणि तारीख नेटकेपणाने लिहिलेली होती, ती यादीत उतरली होती. १९९४चे एक मुद्रण निघाले. मुलीने कानाला लावले. जात्याची घरघर, बांगड्यांचा आवाज, मग ओवी. ओवीत बाई आपल्या लेकीचे नाव गुंफतात, तसे याही बाईंनी गुंफले होते. ती लेक म्हणजे या मुलीची आजी. मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, “हे घरी नेता येईल?” त्या फाईलच्या वापराचा आकडा त्या दिवशी शून्याचा एक झाला.

या प्रसंगातून दोन गोष्टी समितीने विनावाद मान्य केल्या. पहिली अशी, की यादी कधीही झोपू द्यायची नाही. वस्तू तळघरात असली तर बारा तासांनी मिळेल, पण यादी तळघरात गेली तर मागायचे काय हेच कोणाला कळणार नाही. त्याला जतन म्हणत नाहीत, पुरणे म्हणतात. दुसरी अशी, की आवाजाच्या दोन प्रती करायच्या. अस्सल प्रत, म्हणजे काहीही न गाळता केलेले मुद्रण, तासाला सुमारे दोन गिगाबाईट जागा खाते. ऐकण्यापुरती दाबून केलेली एमपीथ्री प्रत तासाला साठ मेगाबाईटांच्या आतच राहते. छत्तीसपट लहान. ही लहान प्रत गरम थरात, सगळ्यांसाठी. अस्सल प्रत रुमालात, खाली. दाबलेल्या प्रतीत ओवी पुरी ऐकू येते. जात्यात पडणाऱ्या दाण्यांची सळसळ मात्र जराशी सपाट होते. ज्याला सळसळच अभ्यासायची आहे त्याने बारा तास थांबावे, ही अट मला अन्यायाची वाटत नाही. मोडीच्या अभ्यासकाने याहून जास्त वाट पाहिली आहे.

प्रत्यक्ष पाठवणी कंटाळवाणी होती. महाविद्यालयाच्या लाइनीवरून दोन टेराबाईट सतत पाठवले तरी नऊ-दहा दिवस लागले असते. दिवसा वर्ग आणि कार्यालय चालायचे, म्हणून आम्ही फक्त रात्री पाठवले, आणि वीसेक रात्री गेल्या. प्रत्येक रुमालाबरोबर त्याची मुद्राही घेतली. फाईलमधल्या सगळ्या मजकुरावरून गणिताने काढलेली चौसष्ट चिन्हांची ही ओळ असते. मजकुरातले एक चिन्ह बदलले तरी सगळी ओळ बदलते. पुन्हा काढलेली मुद्रा जुन्या मुद्रेशी जुळली, म्हणजे वाटेत काही मिसळले नाही. मला यात एकनाथ दिसले. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ पाहून त्यांनी शके १५०६ मध्ये पाठशुद्धी केली आणि यापुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये, अशी ताकीद दिली. आज तशी ताकीद यंत्रालाही देता येते. ठरावीक मुदतीपर्यंत वस्तू कोणालाही, आम्हालासुद्धा, बदलता किंवा पुसता येऊ नये, असे कुलूप लावता येते. एकनाथांना ती सोय नव्हती. त्यांना वाचकाच्या सद्‌बुद्धीवर विसंबावे लागले.

मुद्रणांत बायकांचे खाजगी बोलणेही आहे. सासर, नवरा, मेलेली मुले. म्हणून अस्सल प्रती कूटबद्ध करूनच वर पाठवल्या. किल्ली आमच्याजवळ. कंपनीच्या माणसालाही आतले वाचता येणार नाही. संगणकाचे सर म्हणाले, “किल्ली हरवली तर आपल्यालाही वाचता येणार नाही.” महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहिले. परक्या हाती पडू नयेत म्हणून केलेली ती योजना इतकी यशस्वी झाली, की विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी तिची किल्ली लावीपर्यंत आरंभीच्या मराठी गद्याचा केवढा तरी ठेवा पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला बंद होता. राजवाडे दरवेळी मिळतीलच असे नाही, आणि आजचे कूटलेखन कोणा राजवाड्याला बुद्धीने उलगडण्यासारखे नाही. तेव्हा आम्ही किल्ली कागदावर छापली, दोन लखोट्यांत घातली आणि दोन गावांतल्या दोन तिजोऱ्यांत ठेवली. या सगळ्या आधुनिकतेचा शेवटचा टेकू कागद निघाला, याची मौज वाटते.

दर सहा महिन्यांनी चिठ्ठी टाकून एक रुमाल मागवायचा, गाठ सोडायची, मुद्रा जुळवायची आणि आतले काही तरी खरोखर वाचायचे किंवा ऐकायचे, असाही नियम केला. परत आणून न पाहिलेला बॅकअप ही नुसती श्रद्धा असते. संध्याकाळी मागितलेला पहिला रुमाल दुसऱ्या दिवशी सकाळी हजर होता.

एक चिंता मात्र यांतल्या कोणत्याच उपायाने मिटलेली नाही. ॲमेझॉनच्या सांगण्यानुसार, एक कोटी वस्तू ठेवल्या तर सरासरीने दहा हजार वर्षांत एक हरवावी, इतका टिकाऊपणा त्यांच्या भांडाराच्या रचनेत आहे. हा हिशेब यंत्रे बिघडण्याचा आहे. भाडे थकण्याचा हिशेब त्यात नाही. वाड्याच्या माळ्यावर पडलेल्या दफ्तराने दोनशे वर्षांची उपेक्षा सोसली. त्याला कसर लागली, पाणी लागले, तरी कोणा जिज्ञासू माणसाने बस्ता सोडला तेव्हा निम्मे तरी वाचता आले. कागद उपेक्षेत जगू शकतो. बादलीतली वस्तू उपेक्षेत जगत नाही. काही महिने बिल भरले नाही की खाते बंद होते, आणि पुढे वस्तूही जाते, कसर न लागता, एकदम. तिला आठवण ठेवणारे माणूस दरमहा लागते. म्हातारीकडची ओवी तिच्या सुनेला, लेकीला पाठ असावी लागते, तसेच हे.

लीळाचरित्राची मूळ प्रत देवगिरीवरच्या आक्रमणांच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा सिद्ध केली, असे परंपरा सांगते. म्हणून तर त्या ग्रंथाचे इतके पाठ. हिराइसेच्या नावाने ओळखला जाणारा पाठ त्यांतलाच. एका बाईच्या स्मरणाला मराठीच्या पहिल्या मोठ्या गद्यग्रंथाचे ऋण आहे, हे आपण वर्गात सांगतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. तिच्या काळी बाहेरगावची प्रत म्हणजे दुसऱ्या माणसाचे डोके होते.

आमच्या व्यवस्थेत हे डोके कोणाचे, हे ठरवायचे राहिले आहे. माझ्या निवृत्तीला अजून पंधराएक वर्षे आहेत. संगणकाचे सर त्याआधीच जातील. विभागाच्या अंदाजपत्रकात यंदा ‘ग्रंथ व नियतकालिके’ या सदराखाली एक नवी ओळ घातली आहे. वार्षिक रक्कम लहान, शिपाईमामांच्या चहाच्या खर्चाहून कमी. दरवर्षी कोणी तरी ती ओळ पुन्हा लिहावी लागेल. गेल्या महिन्यात त्या मुलीला मी यादी हाताळायला शिकवले. तिने पहिल्याच दिवशी पणजीच्या नावापुढे आजीचे नाव आणि नाते भरले, जे सरांच्या नोंदीत नव्हते.